टीप मारता मारता

सक्करदऱ्याच्या चौकातून आत, तिसऱ्या गाळ्यात
माझं मशीन, आणि मशीनसमोर
भिंतीला टांगलेला टीव्ही.
मी तो पाहत नाही. ऐकते.
दोरा तुटला तर तेवढी मान वर.
त्यामुळे माझी मतं तुकड्यातुकड्यांची आहेत,
चिंध्यांच्या पिशवीसारखी. हवी तर घ्या.

दुपारच्या मालिकेत मोठी सून जिना चढायला लागली
तेव्हा बाही कोपरापर्यंत होती,
वर पोचली तर दंडावर.
मी म्हटलं, अर्ध्या जिन्यात कोणी कापली बाप्पा?
फॉल लावायला आलेल्या इंदूताई लोणारे म्हणाल्या,
"तू काहून बाह्या पाहून राहिली?
तिचा नवरा जिवंत निघाला ना!"
निघाला असेल.
तो गेल्या उन्हाळ्यातही निघाला होता.

पोलिसांचा एक. पाऊण तास नुसती मारामारी.
सात माणसं पडली, दोन गाड्या उलटल्या,
साहेबाच्या शर्टाचं एक बटण तुटलं नाही.
काजं कोण करतं त्याची, पत्ता द्या.
मी गांधीबागेतून दोरा आणते
तो दुसऱ्या धुण्यात जीव सोडतो.

भुताचा म्हणाल तर चांगला होता.
म्हणजे मधेच लाइन गेली,
आणि कूलर बंद पडल्यावर जी शांतता होते
तिच्यात गल्लीतून कोणी ओरडलं, "भंगाऽऽर"
तेव्हा मी खरी घाबरले.
भुतानं पुढं काय केलं माहीत नाही.
माझ्या हिशेबात ते अजून दाराशीच उभं आहे.

एक तर म्हणे आपल्या नागपूरचाच.
खाली अक्षरं आली, महिना मे,
आणि नायक अंगात जाकीट घालून
भर एक वाजता गच्चीवर प्रेमाचं बोलतो.
डोक्याला दुपट्टा नाही, खिशात कांदा नाही.
बर्डीवर उभा करा त्याला दहा मिनिटं,
प्रेम शिल्लक राहिलं तर लग्नाचा सूट फुकट शिवते.
सूट मी शिवत नाही. तरी.

रडायचे सिनेमे मला चालतात.
रडणं एका लयीत असतं, पायडल त्याच लयीत जातं,
दिवसाला दोन परकर जास्त होतात.
विनोदी असला की टीप वाकडी.
चांडकबाईंच्या पोलक्याची पाठ बघा,
डाव्या टक्सपाशी जे वळण आहे
तो सरपंचाच्या म्हशीचा प्रसंग आहे.

शेवट मी सहसा पाहिलेले नाहीत.
शेवटाच्या वेळेलाच शाळा सुटते,
गणवेशाची मापं द्यायला आया येतात.

मंगळवारी मशीनचा पट्टा तुटला.
नवा आणायला प्रणय इतवारीत गेला
तो तीन तास आला नाही.
हात मांडीवर. काय करणार, पाहिला एक पूर्ण.

हळू होता. एक बाई स्वयंपाक करते,
भांडी घासते, खिडकी लावते,
कोणाची वाट पाहते किंवा पाहत नाही,
ते सांगत नाहीत. इंदूताई घोरायला लागल्या.
मग तिनं हात वर करून फळीवरचा डबा काढला
आणि काखेखाली मला दिसली
उसवलेल्या टिपेची जुनी भोकं,
बारीक, एका ओळीत, कापड तिथं गडद.
अर्धा इंच सैल केलंय. घरीच, हातानं.
म्हणजे बाई अलीकडे भरली आहे,
किंवा ब्लाउज धाकट्या बहिणीचं आहे
आणि बहीण आता वापरत नाही.
सिनेमात यावर कोणी चकार शब्द काढला नाही.
डबा परत ठेवताना मात्र
तिनं कोपर अंगाशी धरलं.
ज्यांना ठाऊक असतं त्या तसंच धरतात.

प्रणय आला, उन्हानं लाल, पट्टा गळ्यात टाकून.
"कसा होता?" म्हणाला.
मी पट्टा चढवला, चाक हातानं एकदा फिरवून पाहिलं.
ठीक, म्हटलं.
ब्लाउज खरं होतं.